माझ्या वाट्याची संत्री

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी माझी कूस उजवली नव्हती, आणि इंग्रजी अमलातल्या त्या नागपुरात आमच्या चर्चमध्ये नाताळची संत्री पोरांच्या संख्येवर मिळत. काटोलहून बैलगाडीनं करंड्या यायच्या. आया पुढं होऊन "माझे चार", "माझे सहा" असं सांगायच्या आणि पदर भरून न्यायच्या. मी दरवर्षी मागं उभी राहून नुसता सालींचा वास घ्यायची.

एका नाताळात पाळकसाहेबांनी उपदेशाला बायबलातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं वचन घेतलं. वांझेची लेकरं लेकुरवाळीपेक्षा जास्त होतील, असं ते वचन. पण ही पोटची लेकरं नव्हेत, असं त्यांनी समजावलं. वांझ म्हणजे ख्रिस्ताची मंडळी आणि विश्वासानं आलेले सगळे तिची लेकरं. मग माझ्याकडे मायेनं बघून म्हणाले, "म्हणून आपल्या निपुत्रिक बहिणीनं समाधान मानावं. इथली सगळी लेकरं तिचीच आहेत."

मला समाधान नको होतं, संत्री हवी होती.

उपासना संपताच मी सगळ्यांच्या पुढं जाऊन पदर पसरला. करंडीपाशी पाळकीणबाई बसल्या होत्या.

"तुम्ही काहून आल्या वं? तुमचे किती?"

"सगळे," मी म्हटलं. "साहेबांनीच आता सांगतलं ना!"

पाळकसाहेब खोकले आणि त्यांनी अख्खी करंडी माझ्याकडे सरकवली. ती घेऊन मी पायरीवर बसले आणि ओरडले, "ज्याले संत्रा पाहिजे, त्यानं मले आई म्हणावं!"

सगळ्यात आधी पाळकीणबाईंचीच पाच पोरं धावत आली. धाकटा तर तीनदा आई म्हणून गेला.