सुविधा उपलब्ध : कमलअक्काचं घर

सोनगीर सोडून महामार्गाने थोडं पुढे आलं की चिंचगडाचा फाटा लागतो. फाट्यावरून गावात शिरणारा रस्ता थेट गडाच्या पायऱ्यांना भिडतो आणि त्याआधीचं शेवटचं घर आमच्या कमलअक्काचं. गडावर बुरूज आहे, तोफ आहे, बारव आहे, वारा तर असा की टोपी उडाली तर धुळ्यात शोधावी. मुतारी मात्र नाही. वर नाही, खाली नाही, वाटेत नाही. म्हणून गड बघायला आलेला प्रत्येक माणूस शेवटी अक्काच्या ओट्यापाशी येऊन उभा राहतो.

मागायची तऱ्हा ज्याची त्याची. नाशिकवाला आधी खाकरतो, मग विजेच्या खांबाकडे बघत म्हणतो, "मावशी, जरा... इथं काही सोय?" मुंबईची बाई "वॉशरूम?" एवढंच म्हणते, तेही इतक्या हळू, जणू गडाला कळलं तर तो नाराज होईल. इंदूरकडची मंडळी मोकळी. "माताजी, बाथरूम किधर है?" आणि उत्तर यायच्या आत त्यांचं पोरगं चड्डी काढून तयार.

अक्का सगळ्यांना एकच सांगते, "जाय बहीन, जाय. बादली भरेल शे." मागणारा बाप्या असला तरी बहीनच. दार लागलं की तिचा आवाज बदलतो. "आग लागो या गडले! ज्या राजानी हाऊ गड बांधा, त्याले पोट नव्हतं का?"

गावात नळ आठवड्यातून एकदा येतो. बाकीचे दिवस तिचे यजमान, मोतीलालनाना, शेतातल्या विहिरीवरून मोटारसायकलला कॅन बांधून पाणी आणतात. नानांना काहीही विचारा, उत्तर एकच, "बघू." पाण्याचं विचारा, पावसाचं विचारा, जेवले का विचारा. "बघू."

"अक्का, नाही म्हणून टाका ना एकदा," असं गल्लीतल्या सगळ्यांनी सांगून झालं. अक्का उसळते, "कशी सांगू? दारशी बाई उभी ऱ्हास, तोंड पिवळं पडेल ऱ्हास, मांगे तिनी म्हातारी सासू. तुम्ही सांगा नही. माले दाखाडा सांगीसन."

असंच चाललं असतं. पण तिच्या लेकीला, डिंपलला, दिवस गेले.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडे कुणी कुणाला सांगत नाही, ते असतंच. सातव्या महिन्यात ओटी भरायची आणि मुलगी घेऊन यायची. अक्काने मागची खोली शेणाने सारवली, बाज विणून घेतली, डिंक आणून ठेवला. पाचोऱ्याहून विहीणबाई, कुंदाबाई, घर बघायला आल्या. आल्या त्या रविवारी. रविवारी चिंचगडावर जत्रा असते.

कुंदाबाईंची एक पद्धत आहे. टोमणा मारायच्या आधी त्या पदर सारखा करतात आणि म्हणतात, "आम्ही काही बोलत नाही बरं का, विहीणबाई." त्या अंगणात आल्या तेव्हा संडासापुढे पाच-सहा जण मोबाइल बघत उभे होते. कुंदाबाईंना वाटलं, घरात काही बरंवाईट झालं, लोक भेटायला आलेत. त्यांनी डोक्यावर पदर घेतला. तेवढ्यात आतून एक गॉगलवाला पोरगा निघाला, हात झटकत थेट त्यांच्यापाशी आला आणि म्हणाला, "आंटी, टॉवेल?"

"हे कोण तुमचे?" कुंदाबाईंनी अक्काला विचारलं.

"काय माहीत," अक्का म्हणाली. खोटं बोलणं तिला जमत नाही.

चहा झाला. कुंदाबाईंनी पदर सारखा केला. "आम्ही काही बोलत नाही बरं का, विहीणबाई. पण दिवस भरत आलेली बाई रात्री-बेरात्री उठणार, तिनं या लोकांच्या मागे नंबर लावायचा का? उद्या बाळाला काही लागलं तर? गडाखाली वेगळी सोय होऊ द्या. मग खुशाल न्या डिंपलला."

फोनवर डिंपल रडली. "आई, मला तुझ्याकडेच यायचंय गं. इथं सासूबाई माझ्या पोळ्या मोजतात." अक्काने फोन ठेवला, पायात चपला सरकवल्या आणि तरातरा ग्रामपंचायतीत गेली.

सरपंच प्रेमराजभाऊंचं बोलणं म्हणजे भाषणाचा तुकडा. समोर एकच माणूस असला तरी ते मागच्या रांगेकडे बघून बोलतात. "कमलअक्का, विषयच संपला! चिंचगडाचा पर्यटन आराखडा मंजूर होतोय. पुण्याहून टीम येतेय. मागा काय मागायचं ते!"

"एक संडास," अक्का म्हणाली.

"विषयच संपला!"

टीम येणार म्हणताच गावाला काय झालं, ते गावालाच ठाऊक. गल्ल्या झाडल्या. उकिरड्यावर मांडववाल्याची हिरवी जाळी टाकली. शेळ्या कोंडल्या. गळणाऱ्या टाकीखाली तुळशीचं वृंदावन ठेवलं, म्हणजे ते पाणी तुळशीला घातल्यासारखं दिसावं. पाहुण्यांसमोर घरची लाज काढायची नाही, एवढंच ज्याला त्याला माहीत. पाहुणे नेमकी ती लाज मोजायलाच आले होते, हे कुणाच्या डोक्यात शिरलं नाही.

टीममध्ये एक सर आणि एक पुनम मॅडम. सरांचं प्रत्येक वाक्य "म्हणजे बघा" ने सुरू व्हायचं आणि बघण्यासारखं काही सांगायच्या आत संपायचं. "म्हणजे बघा, डेस्टिनेशन म्हणून पोटेन्शियल..." पुनम मॅडम गोड होत्या. गड उतरेपर्यंत त्यांचा चेहरा तसाच झाला, पिवळा. अक्काच्या ओट्यापाशी येऊन त्या म्हणाल्या, "काकू, जरा..."

अक्काला हाच मोका होता. बोट दाखवून सांगायचं होतं, बघा बाई, हीच अडचण शे. पण दारात पाहुणी, तीही सरकारी कामाची. अक्काने डिंपलच्या बाळंतपणासाठी आणलेला नवा साबण फोडला. गरम पाण्याची बादली ठेवली. फरशी घासून घेतली. नवा टॉवेल खुंटीला लावला. मॅडम बाहेर आल्या त्या अगदी उजळून. "काकू, किती स्वच्छ! पूर्ण सर्व्हेत असं कुठे बघितलं नाही."

मग ओट्यावर मंडळी जेवली. शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा. अक्का वाढताना दोनदा म्हणाली, "मॅडम, तेवढं संडासनं बघा." मॅडमने नाकातून पाणी वाहत असताना मान हलवली, "हो काकू, बघितलं ना मी. मस्त आहे."

आराखडा गावाला दाखवायचं ठरलं तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये पांढरा पडदा लावला. अक्का पहिल्या रांगेत, बायकांच्या बाजूला. पडद्यावर चिंचगड इतका सुंदर दिसला की आम्हाला तो कुठल्या गावचा आहे असा प्रश्न पडला. बुरुजावर जांभळे दिवे. बारवेवर काचेचा पूल. तोफेशेजारी लाल हृदय, त्यात उभं राहून फोटो काढायचा. प्रत्येक चित्राला टाळ्या.

मग गावाचा नकाशा आला. शेवटच्या घरावर निळी खूण, आत एक बाई आणि एक बाप्या उभे.

"म्हणजे बघा," सर म्हणाले, "आपला भर शाश्वत विकासावर आहे. नवीन बांधकाम कमीत कमी. जे स्थानिक पातळीवर आहे, त्याचाच वापर. स्वच्छतागृहाची सुविधा इथे लोकसहभागातून ऑलरेडी उपलब्ध आहे. दर्जा, उत्कृष्ट."

टाळ्या सगळ्यात जोरात इथेच पडल्या. प्रेमराजभाऊंनी अक्काकडे हात केला, "उठा अक्का, उठा! गावाची शान!"

अक्का उठली. "ओ साहेब, ते आमनं शे. घरनं."

"हो हो, तेच कौतुकास्पद आहे."

"तठे मनी आंडेरनं बाळंतपण करनं शे!"

सरांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमने हळूच सांगितलं, "मुलीची डिलिव्हरी आहे." सर लगेच हसले, "अरे वा, अभिनंदन!"

हॉलमध्ये परत टाळ्या.

"तुम्ही लाल बदाम बसाडी ऱ्हायनात, काचना पूल करी ऱ्हायनात, मंग एक संडास बांधाले तुमना हात मोडस का?" अक्काचा आवाज चिरकला. मोतीलालनानांनी तिचा पदर ओढला. सर म्हणाले, तुमची सूचना दुसऱ्या टप्प्यात नक्की घेऊ. दुसरा टप्पा कधी, असं अक्काने विचारलं, तर नाना सवयीने म्हणाले, "बघू." त्या दिवशी अक्काने नानांशी बोलणं टाकलं ते पार पोळ्यापर्यंत.

कामाची सुरुवात एका पाटीपासून झाली. निळी पाटी, पांढरा बाण, बाणाचं टोक अक्काच्या दाराकडे. आता कुणी खाकरेना, कुणी हळू बोलेना. लोक बाण बघून सरळ आत शिरायचे आणि आतून ओरडायचे, "अहो, पाणी संपलंय!" एका बसमधून उतरलेल्या काकांनी अक्कालाच झापलं, "देखभाल कोण करतं इथली?"

अक्काने एकदा कुलूप लावून बघितलं. तेव्हाच नेमकी शिरपूरकडची शाळेची सहल आली. त्यातली एक पोरगी पाटीच्या खांबाला धरून रडायला लागली. अक्काने पदराला बांधलेली किल्ली काढली. काढताना गडाला, राजाला, पुण्याला आणि स्वतःला एका दमात शिव्या घातल्या.

श्रावण सरता सरता कुंदाबाईंचा फोन आला. "आम्ही काही बोलत नाही बरं का, विहीणबाई. पण आता तिला इतक्या लांब नाचवायला नको. आमच्याकडेच होऊ द्या. तुम्हीच या."

लेकीच्या बाळंतपणाला आईने व्याह्यांच्या घरी राहायला जायचं. गल्लीतल्या बायका अक्काशी बोलताना दुसरीकडे बघायला लागल्या. तिने डिंकाचे लाडू डब्यात भरले, नानांना शेतावरच्या खोलीत राहायला पाठवलं आणि घराला, अंगणाच्या फाटकाला, संडासाला, तिन्हीकडे कुलपं ठोकली.

पाचोऱ्याला डिंपलला मुलगी झाली. अक्काने तिला न्हाऊ घातलं ते विहिणीच्या मोरीत, विहिणीच्या पाण्यात. "जपून हं, पाणी कालच भरलंय," असं कुंदाबाई दारातून म्हणाल्या. पुढे म्हणाल्या, आम्ही काही बोलत नाही.

नात पायांवर पालथी होती, तिच्या पाठीला तेल लागत होतं, तेव्हा फोन वाजला. डिंपलने स्पीकर लावून आईच्या कानाशी धरला. पलीकडे सर.

"कमलताई ना? म्हणजे बघा, चिंचगडच्या स्वच्छतागृहाबद्दल पर्यटकांच्या तक्रारी येतायत. पंधरा दिवसांपासून बंद आहे म्हणे. आज पाहणीला वरिष्ठ आलेत. मॅडमही आहेत. त्यांना जरा... तुम्ही कुठे आहात?"

"आंडेरकडे," अक्का म्हणाली.

"बरं बरं. मग किल्ली कुणाकडे आहे?"

अक्काचे तेलाचे हात थांबले. पलीकडे गडावरचा वारा ऐकू येत होता. त्या वाऱ्यात पुनम मॅडमचा आवाज आला, "सर, लवकर विचारा ना."

"किल्ली मनापाशी शे," अक्का म्हणाली. "पाचोऱ्याले या. तठेच काय, आठे बी नंबर लावना पडस."

आणि ती नातीची पाठ चोळायला लागली, जरा जास्तच जोरात, तशी पोरीने टाहो फोडला आणि आतल्या खोलीतून कुंदाबाई पदर सारखा करत आल्या.