उंचीतून शंभर वजा

संख्याशास्त्र मी आवडीने घेतलं, असं सांगायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे बारावीला मेडिकलपुरते मार्क पडले नाहीत आणि लातूरच्या कॉलेजात या विषयाच्या जागा रिकाम्या होत्या. बिलोलीकडच्या आमच्या गावात वडील मात्र सगळ्यांना सांगत, "पोरगं आकड्यांचं डॉक्टर व्हायलंय." घरात माझ्याआधी कॉलेजचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना दुरुस्त करणारंही कुणी नव्हतं. मीही केलं नाही.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट होता. त्यावर मार्गदर्शक सरांची सही झाली नाही तर परीक्षेला बसता येत नसे. सरांनी विषय दिला, शाळकरी मुलांची उंची आणि वजन यांचा संबंध. "पाचवी ते सातवीची किमान पन्नास मुलं घे. सोपं आहे."

शहरातल्या शाळांनी मला दारातूनच परत पाठवलं. मार्कांखेरीज पोरांचं दुसरं काही मोजण्यात वेळ जावा, असं तेव्हाच्या लातुरात कुणालाच वाटत नव्हतं. चौकाचौकात क्लासच्या फलकांवर पोरांचे फोटो होते आणि फोटोखाली टक्के. म्हणून मी किल्लारीकडच्या एका पुनर्वसित गावात गेलो. भूकंपाला सहा-सात वर्षं झाली होती. सारखी घरं, सरळ रस्ते, आणि गावाच्या कडेला नवी शाळा.

हेडमास्तर भले माणूस होते. मी खिशातून टेप काढल्यावर त्यांना माझी कीव आली.

"उन्हात कशाला तकलीफ घेता? सगळ्यांची उंची-वजनं रजिस्टरात तयार हायत की."

मी साठ मुलांचे आकडे उतरवून घेतले, चहा घेतला आणि दुपारच्या जीपने परतलो. संशोधन इतकं सोपं असतं हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

उंची वाढते तसं वजन किती इमानाने वाढतं, हे सांगणारा एक आकडा असतो. तो फार तर एक होतो, पण एक कधी येत नसतो, असं सर म्हणायचे. माझा आला. बरोबर एक. मी तीनदा कॅल्क्युलेटर दाबला, तीनदा एकच. मला वाटलं, सरांनाही न सापडलेलं काहीतरी मला सापडलं. खोलीत बारावी पुन्हा देणारा एक पोरगा माझ्यासोबत राहायचा. तो क्लासच्या नोट्स पाठ करत होता. मी कागद त्याच्यापुढे धरला. त्याने बोट खालीवर फिरवलं आणि हसायला लागला.

"दादा, एकशे तीस उंचीचं पोरगं तीस किलो. एकशे पंचवीसचं पंचवीस. अन् हे बघा, एकशे दहाचं दहा किलो! पाचवीतलं पोरगं हाय का मांजर?"

दर वेळी उंचीतून शंभर वजा केले होते. साठही मुलांच्या.

पुढच्या आठवड्यात कॉलेजच्या जिमखान्यातला स्प्रिंगचा काटा मांडीवर घेऊन मी पुन्हा जीपमध्ये बसलो. हेडमास्तर जराही ओशाळले नाहीत. "उंची आम्ही भिंतीवर मोजली. काटा न्हवता, तर वजन सूत्रानं काढलं. वरून कुणी विचारलं न्हाई. तुमीच पहिले." मग त्यांनी मुलांना सांगितलं, उद्या मोजणी आहे, सगळ्यांनी या. मी त्या रात्री शाळेतच मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी झाडून सगळी मुलं आली. मला फार बरं वाटलं. फक्त एक गोष्ट चमत्कारिक होती. मुलं भिंतीला टेकली की आखडून घेत. मान खाली, गुडघे वाकलेले. "सरळ उभा राहा," म्हटलं की आणखी वाकत. काट्यावर चढताना श्वास सोडून चढत. मी वहीत इमानदारीने लिहीत गेलो. वीसेक मुलं झाली असतील. तेवढ्यात सहावीतली एक मुलगी काट्यावर उभी राहिली आणि तिथेच खाली बसली. तोंडावर घाम, ओठ पांढरे. हेडमास्तरांनी तिला गूळ-पाणी दिलं आणि विचारलं,

"काय खाल्लंस सकाळी?"

"काईच न्हाई. काल दुपारपासून."

"का गं?"

"मायनं सांगितलं, वजन कमी भरलं पाहिजे."

निरोप गेला, तशी तिची आई शेतातूनच आली. तिने पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळली.

"काय येणार हाय ते तरी सांगा, भाऊ. दूध पावडर का गहू?"

"काही येणार नाही, ताई."

"मग कामून मोजायलात?"

"माझी परीक्षा आहे."

तिने माझ्याकडे, मग काट्याकडे पाहिलं. "म्हंजे परीक्षा तुमची, अन् उपाशी माझी लेक?"

दाराशी जमलेल्या बायका हसल्या. मीही हसायचा प्रयत्न केला. एका म्हातारीने मला शांतपणे समजावलं, "लेकरा, भूकंपापासून इथं जो मोजायला आला, तो कायतरी देऊन गेला. घर मोजलं, घर मिळालं. माणसं मोजली, चादरी मिळाल्या. तू पयला हायस जो नुसताच मोजालास."

मग मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की या मोजणीने कुणालाच काही मिळणार नाही, मुलांना जेवू घाला, आणि ज्यांना यायचं त्यांनी पुन्हा या. पाच मिनिटांत वर्ग अर्धा झाला. दिवस सोयाबीन काढणीचे होते, शेतात पोरंही लागायची. जी थांबली ती भिंतीला ताठ टेकली आणि बहुतेकांची उंची दोन-तीन सेंटिमीटरने वाढली. ती मुलगी भाकरी खाऊन परत आली, हे मला अपेक्षित नव्हतं. तिचं वजन चोवीस भरलं. एकूण मुलं झाली एकोणतीस.

"एकोणतीस?" सर म्हणाले. "पन्नास सांगितले होते. बाकीची रजिस्टरमधून घाल. संबंधही चांगला दिसेल."

सरांचं ऐकायचं मी ठरवलंही होतं, हे कबूल केलं पाहिजे. सही नाही तर परीक्षा नाही, आणि गावी सगळ्यांना आकड्यांचा डॉक्टर ठाऊक होता. उरलेली एकवीस नावं निवडायला मी रजिस्टरची नक्कल उघडली आणि त्या मुलीच्या ओळीवर थांबलो. उंची एकशे एकतीस, वजन एकतीस. मग बाकीच्या अठ्ठावीस जणांचंही ताडून पाहिलं. एकदोन सोडले तर सगळे रजिस्टरात भारी आणि काट्यावर हलके होते. त्या नव्या इमारतीतल्या रजिस्टरात सगळं गाव जेवून उठलेलं होतं.

मी एकोणतीसच लिहिले. सरांकडे चार वेळा गेलो. चौथ्या वेळी त्यांनी न बघता सही केली. बहुतेक माझ्या चकरांना कंटाळून.

तोंडी परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. त्यांनी पानं उलटली. "नमुना कसा निवडला?"

दुसरं उत्तर मला सुचलं नाही. "सर, काही मिळणार नाही हे कळल्यावरही जी मुलं थांबली, ती."

परीक्षकांनी चष्मा काढला. ही पद्धत कुठल्या पुस्तकात आहे, असं त्यांनी सरांना विचारलं. सर गडबडले. मग त्यांनी माझा प्रोजेक्ट ओढून घेतला, 'निवडीची पद्धत' या मथळ्याखालची माझी चार वाक्यं खोडली आणि स्वतःच्या पेनाने एकच शब्द लिहिला, रॅन्डम. परीक्षकांनी मान डोलावली आणि मला जायला सांगितलं.

मी पास झालो. चार वाक्यं खोडलेला तो प्रोजेक्ट कॉलेजने जमा करून घेतला. वडिलांनी गावात पेढे वाटले. मी काय शोधून काढलं, हे त्यांना पेढा खाणाऱ्या एका शिक्षकांनी विचारलं, तर वडील म्हणाले, "लेकरांची वजनं कमी भरली म्हणं." आजवर त्या प्रोजेक्टचा सारांश मी याहून बरा केलेला नाही.