एसीला वारा लागू नये म्हणून

आमच्या बिल्डिंगच्या जाहिरातीत ‘खाडीची मोकळी हवा’ असं छापलं होतं. बिल्डरने दिलेल्या सगळ्या थापांत तेवढं एकच काय ते खरं निघालं. नवघरच्या पलीकडे मिठागरं, त्यांच्या पलीकडे खाडी, आणि तिकडून येणाऱ्या वाऱ्याने वर्षभरात आमच्या खिडक्यांचे गज, गॅलरीची ग्रिल, दाराच्या कड्या, सगळं खाल्लं. परळची खोली विकून इथे आलो तेव्हा नवरा म्हणाला होता, आता जरा श्वास घेता येईल. घेतला की! गंजाचा.

आमचा पहिला एसी खिडकीत बसायचा. नवऱ्याच्या ऑफिसने टाकून दिलेला डबा, पण त्याचा तोरा असा की घरात हत्ती आणून बांधलाय. चालू केला की भिंत थरथरायची आणि शेजारच्या बाई विचारायच्या, गिरणी लावलीत का? दोन पावसाळ्यांत त्याचं बूड गंजून गेलं. मग एका मे महिन्याच्या शेवटी वादळी वारं सुटलं, त्यात वरचा पत्रा उडाला आणि खाली कुणाच्या तरी स्कूटरवर जाऊन आदळला. यंत्रात पाणी शिरलं ते शिरलंच. तेव्हा ठरलं, पुढच्या उन्हाळ्याच्या आत नवा स्प्लिट एसी घ्यायचा. हे बाबांसाठी करतोय, असं नवरा जिन्यात भेटेल त्याला सांगत सुटला.

बाबा म्हणजे माझे सासरे. मूळचे रत्नागिरीकडचे, सगळी हयात माझगावला बर्फाच्या कारखान्यात फिटर म्हणून काढलेली. सासूबाई गेल्यापासून आमच्याकडेच असत. त्यांना दमा होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, यांना उकाड्यात ठेवू नका, हवा खेळती हवी. म्हणून काचेच्या सरकत्या खिडक्या लावून बंद केलेली आमची गॅलरी त्यांना दिली होती. एक खाट, उशाशी रेडिओ, सदऱ्यासाठी एक खिळा. आता, ज्यांच्यासाठी एसी, ते गॅलरीत आणि एसी आमच्या बेडरूममध्ये. हे कसं, असं कुणी विचारलं नाही, आणि आम्ही तरी कशाला विचारतोय? दुपारी बाबा येऊन बसतील की आमच्या खोलीत, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. दार मात्र गार हवा जाऊ नये म्हणून बंद असायचं, आणि मुलगा-सुनेच्या बंद दारावर टकटक करणारा तो माणूस नव्हता.

पेणकरपाड्याचा मेकॅनिक आला. स्प्लिटचा बाहेरचा भाग, पंख्याचा तो मोठा डबा, बाहेरच्या भिंतीवर लोखंडी फळीवर बसवतात, तसा बसवायला त्याने ड्रिल काढलं. आणि इथे मी माझी अक्कल पाजळली. हो, मीच. नवऱ्याला नावं ठेवत बसले तरी हे पाप माझं आहे. समोरच्या बिल्डिंगच्या भिंतीवर तसले डबे लटकत होते, गंजलेले, पावसाच्या भीतीने ताडपत्रीत आवळून बांधलेले. मला ते दिसत होते आणि आपल्या नव्याकोऱ्या डब्याची दया येत होती. मी म्हटलं, गॅलरीत लावा.

मेकॅनिक ड्रिल खाली ठेवून म्हणाला, “भाभी, ये गरम हवा फेकता है. बंद गॅलरी में किधर जाएगी?”

खिडकी सरकवून ठेवू, मी म्हटलं. खाटेवरून बाबा हळूच म्हणाले की कारखान्यात तापणारा भाग नेहमी बाहेर असायचा. नवरा हसला. ते तुमच्या वेळचं, बाबा, असं म्हणाला. आणि मी त्या मेकॅनिकला हुकूम सोडला, “बाहेर खारं वारं लागतं. आत घ्या त्याला.”

मग तो बाबांच्या पायथ्याशी बसवला, खाली रबराचे तुकडे घालून, कौतुकाने. पहिले काही दिवस खिडकी सताड उघडी होती. मग मिठागरांकडून धूळ यायला लागली, मग मे महिन्याचं वळवाचं वारं. डब्यावर शिंतोडे उडू नयेत म्हणून मी खिडकी आधी अर्धी ओढली, मग पूर्ण. बाबांचा खोकला वाढला. भिंतीपलीकडून मला तो नीट ऐकू यायचा. मी त्यांना केळी खाऊ नका म्हणून सांगितलं.

एका रविवारी दुपारी आम्ही दोघं पांघरूण घेऊन झोपलो होतो. मे महिन्यात पांघरूण! मी पाणी प्यायला उठले तर गॅलरीत खाट रिकामी. चादरीला हात लावला तर ती इस्त्री केल्यासारखी गरम. डबा घरघरत तोंडावर झळा मारत होता. मी तशीच बाहेर धावले. बाबा जिन्याच्या वळणावर स्टुलावर बसले होते, बनियनवर, हातात दम्याचा पंप. स्टूल शेजारच्या बाईंचं. त्या म्हणाल्या, महिना झाला, रोज दुपारी इथेच बसतात, मला वाटलं तुमचं काही भांडण झालंय. मी शरमेने मेले.

आत चला, आमच्या खोलीत झोपा, मी काकुळतीला आले. बाबा रागावलेसुद्धा नाहीत. धाप आवरत म्हणाले, “बाय, एसी थंडी बनवत नाय. घरातली गरमी उचलून दुसऱ्याच्या अंगावर टाकतो. तो दुसरा कोण, ते आधी बघायचं असतं.”

बुधवारी ते गावी, त्यांच्या पुतण्याकडे गेले. आंबे उतरवायचे आहेत म्हणाले. पुतण्याला दम्याचा माणूस झाडाखाली कशाला हवा होता, हे मलाही कळत होतं आणि नवऱ्यालाही, पण दोघं तोंड शिवून त्यांना एसटीत बसवून आलो. त्याच आठवड्यात मेकॅनिकला बोलावून मी डबा बाहेरच्या भिंतीवर लावून घेतला. गॅलरीच्या खिडक्या उघडल्या, चादर बदलली, रेडिओ पुसून ठेवला, आणि मग पुतण्याच्या मोबाइलवर फोन केला. बाबांना सांगितलं, बाहेर काढला हो तो, गॅलरी मोकळी झाली, तुम्ही परत या.

फोनमध्ये त्यांचा श्वास ऐकू येत होता, पूर्वीपेक्षा सरळ.

“खारं वारं लागेल त्याला,” बाबा म्हणाले. “आत घे.” आणि त्यांनी फोन पुतण्याच्या हातात दिला.