सरांचा ग्लास आणि नाल्यातलं मॉस

ही जुन्या पेपरची पुडी उघडली की सिरोंच्याच्या नाल्याचा मातकट वास येतो. गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. आमच्या बौद्ध घरातला पहिला कॉलेजवाला मी, खडकावरचं वाळलेलं मॉस, म्हणजे शेवाळासारखी बारीक वनस्पती, पुडीत घेऊन वनस्पतीशास्त्राच्या सरांसमोर उभा होतो. मॉस कुठंकुठं उगवतं ते दाखवणाऱ्या त्यांच्या नकाशात आमचा भाग कोरा होता. "कचरा आहे हा. तुमच्या रखरखाटात कसलं आलंय मॉस!" "मेलं नाई सर, तहानलं हाये," म्हणत मी टेबलावरच्या त्यांच्याच ग्लासातलं पाणी त्यावर ओतलं. बघता बघता पानं उलगडून हिरवी झाली. सर मात्र ग्लासाकडं बघत होते. "कुणाला विचारून हात लावलास?" नकाशा कोराच राहिला, ग्लास राखेनं घासायला गेला. आजही पाणी शिंपडलं की हे मॉस उलगडतं. मी सरांना माफ केलेलं नाही.