ताईंची मुद्दाम केलेली चूक

आमच्या ऑफिसातल्या ताई जागेपणी स्वप्नं पाहतात, तीही पगारी वेळेत. त्यांच्या धाकट्या बहिणीचं घर तळ्याकाठी आहे. अकरा वर्षांत ताई एकदाही तिथे गेलेल्या नाहीत. पण तिथला पडदा कुठल्या वाऱ्याला किती हलतो, ते त्यांना तोंडपाठ.

जाणार कशा? डोळ्यांच्या दवाखान्यात रुग्णांना वेळ नेमून देणारा प्रोग्रॅम त्यांनीच लिहिलेला. तो अडला की ताईच धावणार. साहेब म्हणाले, "महिनाभर त्याला तुमच्यावाचून नीट चालू दे, मग खुशाल जा."

म्हणून ताईंनी चुका टिपणारं सॉफ्टवेअर बसवलं. प्रोग्रॅम ठेचकाळला रे ठेचकाळला, की यादीत नोंद! रुग्णांची नावं परक्या कंपनीकडे कशाला, म्हणून अडगळीतला जुना संगणक पुसून त्यावरच संसार थाटला. तो असा संथ घुरघुरायचा, की जेवणानंतर सगळ्या ऑफिसच्या माना पडायच्या.

महिना सरला. यादी कोरी! साहेबांनी रजेवर सही केली. चारची गाडी, बॅग टेबलाखाली. आणि ताई यादीकडे टक लावून.

"आता काय?" मी विचारलं.

"पलीकडच्या खोलीत पोरं फार वेळ गप्प असावीत ना, तशी वाटतेय ही यादी."

"झोपली असतील."

"माझी पोरं? भिंत रंगवत असतील!"

त्यांनी प्रोग्रॅममध्ये मुद्दाम एक चूक केली. यादी कोरीच. मग उलगडलं: नोंदी कुठे पाठवायच्या, तो बसवताना चाचणीपुरता घातलेला पत्ता बदलायचाच राहिला होता. महिनाभर प्रोग्रॅम बिचारा भिंतीला गाऱ्हाणी सांगत होता, आणि दवाखान्यातली मंडळी पुन्हा पुन्हा बटण दाबून निमूट भागवत होती.

पत्ता सुधारला. तासाभरात सत्तेचाळीस नोंदी!

"सत्तेचाळीस?" साहेब किंचाळले. "ताई, रजा विसरा!"

"सत्तेचाळीस कुठे, साहेब? एकच आहे. सत्तेचाळीस वेळा."

प्रोग्रॅमच्या दोन ओळी बदलल्या आणि नोंदी थांबल्या. ताईंनी यादी पुसून कोरी केली. तरी ताईंनी पुन्हा एक चूक मुद्दाम केली. ती मात्र क्षणात यादीत उमटली.

"आता गप्प बसलं, तर खरंच झोपलंय समजा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "मग उभ्या काय राहिलात? पळा!"

ताई गेल्या. जुना संगणक घुरघुरत राहिला. यादीत त्या मुद्दाम केलेल्या चुकीची एकच नोंद होती, तिचे शब्द ताईंनी स्वतः टंकलेले: "मी तळ्यावर आहे."

ती पुसायला कुणाचाच हात धजेना.