टोपलीखालचं पीठ

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, प्रस्तुत लेखिकेने वयाच्या सोळाव्या वर्षी, पूर्ण शुद्धीवर असताना, भर दुपारी आपल्या जन्मदात्या वडिलांचा जीव घेतला. हत्यार : लिंबाच्या लोणच्याची एक फोड. साक्षीदार : एक मांजर. तिने शेवटपर्यंत तोंड उघडले नाही.

आज हे मी ऐटीत सांगते. चारचौघांत सांगितलं की लोक हसतात, मीही हसते. पण तेव्हाची ती भीती अजून कधीकधी लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडताना आठवते.

आम्ही सोनपेठला राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात कारकून. घरवेडा माणूस. कचेरी सुटली की तडक घरी, आणि घरी आले की तडक स्वयंपाकघरात. त्यांना विडी नव्हती, तंबाखू नव्हती, पत्ते नव्हते. एकच खोड होती, बोट घालायची. वरणात बोट, चटणीत बोट, विरजणात सुद्धा बोट. गिरणीतून दळण आलं की डबा खाली टेकायच्या आत चारही बोटं पिठात रुतवायची आणि न्यायाधीशासारखा निकाल द्यायचा, "जाडं दळलंय." पीठ मैद्यासारखं असलं तरी निकाल तोच. त्यावर आईची ठरलेली आरोळी, "अवो, बोटं घालू नका!" शेजारच्या काकू म्हणायच्या, "तुमच्या आईची बोंब आली की आमी तवा ठेवतो चुलीवर."

मग अण्णांचं मूत्रपिंड बिघडलं. तोंड सुजलं, पाय सुजले. परभणीच्या डॉक्टरांनी मीठ बंद केलं, आणि आईनं फक्त अण्णांचं नव्हे, आम्हा सगळ्यांचंच मीठ बंद केलं. लोणच्याची बरणी ज्वारीच्या पोत्यांमागं गेली. अण्णा त्या आळणी वरणात बोट बुडवायचे, चाखायचे आणि आमच्याकडं असं बघायचे की जणू गंगेला पूर येऊन सगळं वाहून गेलंय.

पायाची सूज मोजायचा त्यांनी एक खेळ काढला होता. नडगीवर चार बोटं दाबायची आणि उचलायची. चार खळगे तसेच राहायचे. "बघ माय, जरा जाडंच दळलंय," मला म्हणायचे. मी हसायचे आणि मनातल्या मनात आकडे मोजायचे, खळगे भरून यायला किती वेळ लागतो ते. आधी वीस. मग चाळीस. एक दिवस शंभरापर्यंत मोजलं तरी खळगे होते तिथंच होते. मी हसायची थांबले. अण्णांनी धोतर खाली ओढून घेतलं. तो खेळ त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली.

त्यानंतरच्या दुपारी आई पाण्याला गेली होती. अण्णा उशीवर रेलून बसलेले. म्हणाले, "माय, एक फोड दे की."

"आई मारंल."

"तुला मारंल. मला काय करती? मी बिमार माणूस हाय."

मी पोत्यांमागं हात घातला; पोत्यावर बसलेली मांजर तेवढी बघत होती. फोड दिली. त्यांनी ती चोखली नाही, नुसती जिभेवर ठेवून डोळे मिटले. इतकं सुख मी त्यानंतर कुणाच्या तोंडावर पाहिलेलं नाही. साल सुद्धा गिळली त्यांनी. पुरावा नष्ट.

दुसऱ्या दिवशी त्यांना श्वास लागला. परभणीला न्यायचं ठरलं, तर विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव पेटलेलं, एस.टी. बंद. जीप मिळेपर्यंत अण्णा मधल्या खोलीतच गेले. सगळे म्हणाले, गाडी मिळाली असती तर वाचला असता. मी भिंतीला टेकून ऐकत होते. खरं कारण मला माहीत होतं. एका फोडीनं माणूस मरत नाही, हे कळायला मला पुढं दहा वर्षं लागली.

आई तर बोलायचीच थांबली. रडली नाही, जेवली नाही, कुणी पाणी दिलं तर पेला हातात तसाच धरून बसायची. तीन दिवस. मला वाटायचं, हिला कळलंय. ही आता एकदाच बोलणार आहे, आणि ते माझ्याबद्दल असणार आहे.

तिसऱ्या दिवशी पालमहून आत्या आली. अण्णांची थोरली बहीण. एस.टी. नाही म्हणून ट्रॅक्टरमधून, धुळीनं माखून. दारातच बसकण मारून म्हणाली, "तोंड न्हाई दिसलं भावाचं. आता पाऊल तरी बघून जाते."

आमच्याकडं रीत अशी की माणसानं जिथं प्राण सोडला, तिथं पीठ पसरायचं, त्यावर दिवा ठेवायचा आणि वरून टोपली पालथी घालायची. सकाळी टोपली उचलायची. पिठात ज्याचा ठसा उमटेल, त्याच्या जन्माला माणूस गेला. एरवी हे पहिल्याच दिवशी करतात, पण ठसा वाचणारी आत्याच, म्हणून तिच्यासाठी थांबलो होतो. तिनं स्वतःच्या हातानं पीठ पसरलं, ताटासारखं सपाट केलं. आणि टोपली झाकता झाकता सहज बोलून गेली, "नुसतं पाऊलच उमटतं असं न्हाई बरं. कशानं गेला, ते बी दिसतं. आमच्या पालमला एकीच्या सासऱ्याच्या पिठात लाटणं उमटलं होतं. सून लगेच माहेरी पळाली."

माझ्या डोळ्यांपुढं टोपली उचलली जात होती आणि खाली पिठात, बियांसकट, लिंबाची फोड.

पहाटे आत्या न्हाणीत गेली आणि आई अंगणात गेलेली ऐकू आली. मी मधल्या खोलीत आले. दिवा टोपलीच्या भोकांतून भिंतीवर ठिपके पाडत होता. फोड असेल तर पुसायची, एवढंच ठरवलं होतं. टोपली एका बाजूनं उचलली. पीठ कोरं करकरीत. फोड नाही, लाटणं नाही, काहीच नाही. मला इतकं हायसं वाटलं की मी आणखी वाकून बघितलं, आणि तेवढ्यात दाराची कडी वाजली. मी दचकले, तोल गेला आणि सावरायला टेकवलेला हात सरळ पिठात. चार बोटं. खोल. सपाट करायला वेळच नव्हता. टोपली ठेवली आणि पिठाचा हात परकराला पुसत कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. आईच होती. माझ्याकडं बघितलं, टोपलीकडं बघितलं आणि भिंतीशी बसली.

मग सगळे जमले. आत्या ओलेत्या केसांनी आली, हात जोडले, टोपली उचलली.

पिठात एकाशेजारी एक चार खळगे.

"पाखरू दिसतंय," शेजारच्या काकू म्हणाल्या.

"पाखराला चार बोटं पुढं कुठं असतात?" आत्या वाकली, अजून वाकली. "वासराचं खूर बी न्हाई. असलं कधी बघितलं न्हाई मी." तिचा आवाज चिरकला. "भाऊ माझा कुठं अडकला काय की गं."

आत्ता सांगितलं तर फोडीचंही सांगावं लागणार. नाही सांगितलं तर अण्णा अडकले म्हणून आत्या पालमपर्यंत रडत जाणार. मी पिठाचा हात परकराच्या घडीत लपवला.

आई उठली. पदर खोचला. पिठापाशी येऊन उभी राहिली, त्या चार खळग्यांकडं बराच वेळ बघत राहिली. आणि तीन दिवसांत पहिल्यांदा, नेहमीच्याच त्या सुरात, शेजारच्या चुलीवर तवे चढतील एवढ्या मोठ्यानं ओरडली :

"अवो, आता तरी बोटं घालायची सोडा की!"