माझ्यामागे म्हणा

गुरुजींनी अख्ख्या वर्गाला विहिरीवर नेलं आणि एकेकाला चूळ भरायला लावली. माझ्या तोंडचा पाढा पोरांनी आपल्या तोंडात घेतला होता, म्हणून. स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं. शाळेवर झेंडा लागला, लाडू वाटले. आम्हा महारवाड्यातल्या पोरांच्या पदरात ते वरून टाकले.

सौसर आणि मोहगावच्या मधलं आमचं गाव. माझी जागा शाळेच्या बाहेर, ओट्यावर. रोज सकाळी एक जण उभा राहून पाढा सांगायचा, बाकीचे त्याच्यामागे म्हणायचे. हा मान मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या मुलाचा. त्या दिवशी तो सतराच्या पाढ्यात मध्येच अडला. गुरुजी तंबाखू मळत होते. मला राहवलं नाही. मी ओट्यावरूनच पुढचं म्हटलं. आणि सवयीनं अख्खा वर्ग माझ्यामागे म्हणाला! थेट शेवटापर्यंत. सांगतंय कोण, हे कुणी पाहिलंच नाही.

तोवर माझ्या हाकेला घरची शेळीसुद्धा वळत नव्हती. आणि इथे पाटलाची, वाण्याची, बामणाची पोरं मी म्हणेन ते म्हणत होती. आपल्याला काय व्हायचंय ते मला तिथंच कळलं.

"कोन वं ते? तुह्यामागं म्हनून राहिले हे पोट्टे?"

गुरुजींनी छडी फेकून मारली. हातानं मारलं तर विटाळ. मग ती विहीर, त्या चुळा. माझ्याशी चिंचा वाटून खाणारी सुताराची पोरगीही खळखळून थुंकली. माझ्याकडे न बघता.

"कान धर. म्हन, पुन्हा तोंड नाही उघडणार."

"नाही म्हनत."

एवढंच बोलले. कान धरले नाहीत.

बाबा मालगुजाराच्या संत्र्याच्या बगीच्यात राबायचे. संध्याकाळी निरोप आला, पोरीला घरी बसव, नाहीतर कामावर येऊ नको. माय रडायला लागली. "नोको जाऊ वं बाई. खाऊ काय आपन?"

"मी जाईन. मले मास्तरीण व्हाचं हाये."

बाबांनी मालगुजाराचं काम सोडलं. सकाळी उठून पांढुर्ण्याला गेले, कापसाच्या जिनिंगवर बोजे उचलायला. मी ओट्यावर जाऊन बसले.

सातवी झाले. ट्रेनिंग केलं. तोवर नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्यप्रदेशात राहिलो, शाळेतला नकाशा बदलला. लोक म्हणतात, शिकवणं ही सेवा आहे. असेल. मी सूड घ्यायला निघाले होते. शिक्षणखात्यातल्या साहेबांच्या मागे लागून तीच शाळा मागून घेतली.

गुरुजी आता हेडमास्तर होते. मला ओळखलं. नजर खाली घालून म्हणाले, "बाई, तुमचा वर्ग बाहेर भरवा. आत जागेची अडचण आहे."

"अडचण तुम्हाला आहे, गुरुजी. तुम्ही बसा बाहेर."

मी आत गेले. मालगुजाराची नात पहिल्या रांगेत होती. "उभी राहा. माझ्यामागे म्हण." ती म्हणाली. मग सगळा वर्ग म्हणाला. शेजारच्या खोलीत हेडमास्तरांची खुर्ची करकरली. मी मधलं दार सताड उघडलं आणि आवाज चढवला. त्यांच्या नोकरीची बरीच वर्षं उरली होती. त्यातला एक दिवसही मी त्यांना सोडणार नव्हते.